जुन्या नॅसच्या डब्यावर लिनक्स चढवावं का?

गावभागकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मामांनी ऑफिस आवरलं, तेव्हा त्यांच्याकडचा डी-लिंक डीएनएस-३२५ हा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा, माझ्याकडे आला. दोन हार्ड डिस्कचे कप्पे, १.२ गिगाहर्ट्झचा मार्व्हल किर्कवुड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, गिगाबिट नेटवर्क आणि एक यूएसबी पोर्ट. मॉडेल २०१०-११ च्या सुमाराचं. चालू आहे, पंखाही फिरतो. भंगारवाल्याला द्यायला मन होत नाही.

माझं काम असं आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. कागदपत्रं, फोटो, आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेट, बरंच काही भिजलं. जे वाचलं ते सगळं स्कॅन करून आणि कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलंय. साधारण एक टीबी आहे. ते एका ठिकाणी असू नये म्हणून एक प्रत इथे सांगलीत आणि दुसरी मिरजेला बहिणीकडे ठेवायची, रोज रात्री आपोआप जुळवून घ्यायची, एवढंच पाहिजे. या डब्यावर डेबियन हे लिनक्स पूर्ण बसवता येतं असं वाचलं. कुणी केलंय का? उघडून वायरी जोडाव्या लागतात का? आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ रास्पबेरी पाय घ्यावा का? स्पष्ट मत द्या.

---

कुपवाडकर

पहिल्यांदा राउटरमध्ये जाऊन बघा, या डब्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट डब्यापर्यंत यायची वाट) चालू आहे का. असेल तर आत्ता बंद करा, बाकी चर्चा नंतर.

एप्रिल २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-३२७३ हा सुरक्षेतला दोष जाहीर झाला. डीएनएस-३२०एल, ३२५, ३२७एल आणि ३४०एल या मॉडेलांच्या फर्मवेअरमध्ये (कंपनीने डब्यात घातलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) 'मेसेजबस' नावाचं खातं आहे आणि त्याला पासवर्डच नाही. तिथून आत शिरून बाहेरचा माणूस डब्यावर हवी ती कमांड चालवू शकतो. या मॉडेलांची मुदत आधीच संपलेली असल्यामुळे दुरुस्ती येणार नाही, डबा बदला, असं कंपनीने जाहीर केलंय. म्हणजे मूळ फर्मवेअरवर तो ठेवायचाच नाही. लिनक्स तरी बसवा नाहीतर डिस्क काढून डबा बंद ठेवा.

---

भडंगप्रेमी

धागा वाचायला घेतलाय. भडंगाची पुडी फोडलीय. चालू द्या.

---

कथिलवाला

केलंय, डीएनएस-३२० वर आणि ३२५ वरही. गावभागकर, सविस्तर सांगतो.

डबा उघडावा लागतो, पण घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आतल्या बोर्डवर सिरियल पोर्टच्या पिना आहेत. तिथे यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर लावायचा, सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपवाला, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. तो ३.३ व्होल्टवर असला पाहिजे. काहींवर ३.३ आणि ५ चा जंपर असतो, तो आधी तपासा. जुन्या डेस्कटॉपच्या मागचा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट थेट लावायचा विचारही करू नका, त्यावर बारा-बारा व्होल्ट येऊ शकतात आणि प्रोसेसर जागेवर जातो.

तीनच तारा. ग्राउंडला ग्राउंड, इकडचा टीएक्स तिकडच्या आरएक्सला, इकडचा आरएक्स तिकडच्या टीएक्सला. कन्व्हर्टरची व्होल्टेजची पिन मोकळी सोडायची. डब्याला स्वतःचा अडॅप्टर आहे, दोन बाजूंनी वीज द्यायची नाही. मग लॅपटॉपवर पिकोकॉम किंवा पुटी उघडायचं, वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. डबा चालू केला की यू-बूटच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळी पळायला लागतात. सुरुवातीच्या एक-दोन सेकंदांत की दाबून त्याला थांबवलं की कमांड द्यायची जागा मिळते.

तिथे पोचल्यावर काही बदलायच्या आधी दोन गोष्टी जपून ठेवा. 'प्रिंटएन्व्ह' म्हणा आणि येईल तो सगळा मजकूर फाइलमध्ये ठेवा. आणि मूळ फर्मवेअर चालू असतानाच नॅन्ड फ्लॅशच्या (डब्यातल्या कायमच्या मेमरीच्या) प्रत्येक विभागाची नक्कल काढून ठेवा, विभागांची यादी '/प्रॉक/एमटीडी' मध्ये मिळते. ही नक्कल हातात असली तर डबा कधीही पहिल्यासारखा करता येतो.

आणि किर्कवुडची खरी मजा पुढे आहे. समजा फ्लॅशमधलं यू-बूटच खराब झालं, तरी बहुतेक किर्कवुड चिपांच्या पोटातला बूटरॉम सिरियलवरून यू-बूट स्वीकारतो. 'केडब्ल्यूबूट' नावाचं छोटं साधन त्यासाठी आहे. म्हणून हा प्रोसेसर शिकायला मला सगळ्यात आवडतो. तो सहसा कायमचा मरत नाही.

---

तारतम्य

मी विरोधी मत मांडतो.

हा प्रोसेसर एआरएमव्ही५ जातीचा आहे. डेबियनमध्ये त्याच्यासाठी 'आर्मेल' ही शाखा होती. ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये आर्मेलचा इन्स्टॉलर नाही, किर्कवुडचं कर्नलही (सिस्टिमचा गाभा) त्यात नाही, आणि या शाखेची ही शेवटची आवृत्ती आहे. म्हणजे तुम्ही बसवणार डेबियन १२, आणि तिथेच थांबणार. एका मुदत संपलेल्या फर्मवेअरवरून दुसऱ्या मुदत संपत आलेल्या सिस्टिमवर जायला एवढी मेहनत? नोडजेएस, डॉकर वगैरे आजची साधनं या प्रोसेसरवर विसरा. २५६ एमबी रॅम.

त्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला एखादा जुना थिन क्लायंट (छोटा ऑफिसचा कॉम्प्युटर) घ्या. इंटेल-एएमडीचा ६४ बिटांचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, पंखाच नाही. सरळ पेन ड्राइव्हवरून डेबियन बसतं, सिरियल नाही, यू-बूट नाही. घरच्यांची ठेव सांभाळायची असेल तर छंद आणि काम वेगळं ठेवावं.

---

शून्यएक

@तारतम्य, डेबियनबद्दलची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष पटला नाही.

यांचं काम काय? रात्री एकदा आरसिंक (फाइलींच्या प्रती जुळवणारा प्रोग्राम) चालवणं आणि घरात सांबावरून फाइली दाखवणं. त्याला २५६ एमबी पुरते. ग्राफिकल डेस्कटॉप नाही चढवायचा. थिन क्लायंटमध्ये साडेतीन इंची डिस्क बसत नाही, मग यूएसबी डॉक आणा, त्याचा वेगळा अडॅप्टर, त्याची वेगळी सैल होणारी वायर. इथे साटाचे दोन कप्पे, पंखा, पेटी, सगळं एकत्र आहे.

रास्पबेरी पायचंही तेच. पाय ३ पर्यंत नेटवर्क आणि यूएसबी दोन्ही एकाच यूएसबी २.० च्या वाटेने जायचं, त्यामुळे डिस्क आणि नेट एकमेकांची वाट अडवायचे. २०१९ च्या पाय ४ ला खरं गिगाबिट आणि यूएसबी ३ आलं, पण डिस्कची सोय बाहेरचीच.

विजेचा हिशेब करा. दोन डिस्कसह डबा १५ वॅट धरला तर वर्षाला साधारण १३१ युनिट. त्याच कामाला ६० वॅटचा जुना डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवला तर ५२५ युनिट. एकच डिस्क लावून रिकाम्या वेळी ती थांबवली तर आणखी कमी.

कुपवाडकरांच्या मुद्द्यात भर म्हणून. या काळातल्या डब्यांचं सांबा सहसा एसएमबी१ (फाइली वाटण्याची जुनी, असुरक्षित भाषा) एवढंच बोलतं. मे २०१७ च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी१ मुळातच बसवणं बंद केलं. म्हणून असे डबे नव्या लॅपटॉपवर दिसत नाहीत. लोक इंटरनेटवर वाचून विंडोजमध्ये एसएमबी१ पुन्हा चालू करतात, ते करू नका. डब्यावर नवं सांबा आलं की प्रश्नच मिटतो.

---

मी_अनामिका

उघडायची इच्छा नसेल तर फन-प्लगचा पर्याय आहे ना? डिस्कच्या मुळाशी 'फन_प्लग' नावाची स्क्रिप्ट आणि सोबतची फाइल ठेवायची. मूळ फर्मवेअर चालू होताना ती स्क्रिप्ट आपणहून चालवतं. एसएसएच (दुरून डब्यावर कमांड द्यायची सोय) येतं, आरसिंक येतं, फ्लॅशला हात लागत नाही. नको असेल तर फाइल पुसायची, डबा होता तसा.

---

कुपवाडकर

@मी_अनामिका, फन-प्लग शिकायला उत्तम आहे, पण खाली मूळ फर्मवेअर आणि त्याचं भोक असलेलं वेब पान चालूच राहतं. कर्नलही २.६ मालिकेतलं जुनंच. लिनक्सची चव घ्यायला घ्या, मुक्कामाला नको.

---

जुनं_खोड

हा विषय निघाला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय.

या सगळ्याची सुरुवात जिथून झाली तो डबा माझ्याकडे अजून चालतो. लिंक्सिस एनएसएलयू२, २००४ सालचा. लोक त्याला लाडाने 'स्लग' म्हणायचे. २६६ मेगाहर्ट्झचा इंटेल एक्सस्केल, ३२ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश, दोन यूएसबी पोर्ट. सुरुवातीचे डबे तर मुद्दाम १३३ मेगाहर्ट्झवर चालवलेले असायचे. बोर्डवरचा एक बारीक रेझिस्टर काढला की वेग दुप्पट! आत लिनक्सच होतं, त्यामुळे जीपीएल या लिनक्सच्या परवान्याच्या नियमाने कंपनीला सोर्स द्यावा लागला, आणि मग जगभरातल्या लोकांनी त्यावर अनस्लंग, ओपनस्लग असे वेगवेगळे फर्मवेअर बांधले. २००७ च्या डेबियन ४ मध्ये तर त्याचा अधिकृत इन्स्टॉलर होता. डबा उघडायचाही नाही, एसएसएचने आत जाऊन इन्स्टॉल करायचं.

तेव्हा आमच्यासारख्यांना घरात चोवीस तास चालणारा सर्व्हर म्हणजे चैन होती. डेस्कटॉप रात्रभर चालू ठेवला की सकाळी वडील विजेचं बिल पुढे ठेवायचे. या डब्याला पेन ड्राइव्ह लावला आणि त्याचा मेल सर्व्हर केला, वेब सर्व्हर केला, गाणी वाजवली. क्रॉन म्हणजे काय, स्वॅप म्हणजे काय, प्रोसेस मारायची कशी, लॉग वाचायचा कसा, हे मी त्या ३२ एमबीत शिकलो. रॅम एवढी कमी की प्रत्येक सर्व्हिस का चालू आहे याचं उत्तर द्यावं लागायचं. आज ऑफिसात मोठमोठे सर्व्हर बघतो, पण पाया तिथला.

२०१२ ला रास्पबेरी पाय आला. त्याच्या आधी ती जागा या डब्यांनी सांभाळली. मधल्या काळात २००९ चा शीव्हाप्लग, सीगेटचा डॉकस्टार, पोगोप्लग, बहुतेक याच किर्कवुडचे. तारतम्य म्हणतात ते खरं आहे, सिस्टिमचा आधार एक दिवस सुटतो. स्लगचा डेबियन ८ मध्ये सुटला. पण २००४ च्या डब्याला २०१५ पर्यंत आधार मिळाला, तो लोकांनी दिला म्हणून. विकणाऱ्याने तो कधीच सोडला होता. गावभागकर, करा. बिनधास्त करा.

---

भडंगप्रेमी

जुनं_खोड काका, प्रतिसाद जपून ठेवला. तुमच्या स्लगला आमचा नमस्कार सांगा.

---

द्राक्षवेल

तासगावहून. आमच्याकडे डॉकस्टार आहे, १२८ एमबी रॅमचा, त्यावर मॉस्किटो चालतं. नाव मच्छराचं पण काम निरोप पोचवण्याचं. बागेत ठिकठिकाणी ईएसपी८२६६ चे छोटे बोर्ड लावलेत, ते तापमान आणि आर्द्रता वायफायवरून डब्याला पाठवतात. डबा ते साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवतो आणि ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की भावाच्या मोबाइलवर निरोप जातो.

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षावर डावणीची (बुरशीच्या रोगाची) धास्ती असते. पानं किती तास ओली राहिली, रात्री आर्द्रता किती चढली, हे नुसत्या अंदाजाने ठरवण्यापेक्षा आकडे समोर असले तर फवारणी कधी घ्यायची ते ठरवायला बरं पडतं. पुढे बेदाण्याच्या शेडवरही हेच वापरतो. शेडवर लाइट जाते-येते, डबा आपोआप चालू होतो आणि जिथं होता तिथून पुढं लिहायला लागतो. याला मोठा कॉम्प्युटर कशाला पाहिजे?

---

तारतम्य

@द्राक्षवेल, हे काम मात्र आवडलं. इथे डेटा गेला तरी एका हंगामाचे आकडे जातील. गावभागकरांच्या कॅसेट पुन्हा मिळणार नाहीत. माझा मुद्दा तेवढाच आहे.

---

गावभागकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. कुपवाडकर, पोर्ट फॉरवर्डिंग बंदच होतं. तारतम्य, तुमचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. या डब्यातली प्रत एकुलती एक नसेल. मूळ फाइली लॅपटॉपच्या बाह्य डिस्कवर राहतीलच, हा डबा म्हणजे दुसरी जागा आणि बहिणीकडची तिसरी.

डिस्क दोन आहेत तर रेड-१ (दोन्हींवर तीच प्रत) करू का? म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील.

---

शून्यएक

रेड-१ म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर पुसलं तर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसलं जातं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे कुलूप. डिस्क बिघडली तरी काम थांबू नये यासाठी रेड. तुमचं काम एक दिवस थांबलं तर काही बिघडत नाही. त्यापेक्षा एकच डिस्क इथे लावा आणि दुसरी बहिणीकडच्या डब्यात. दोन प्रती, दोन छपरं.

---

आटपाडीकर

सगळे तांत्रिक बोलतायत, मी भूगोल बोलतो. सांगलीचा बॅकअप मिरजेला ठेवून काय उपयोग? कृष्णा दोघांचीही. २०१९ ला मिरजेच्या नदीकडच्या भागातही पाणी होतंच, आणि रस्ते बंद, लाइट बंद, सगळं एकदमच. आयर्विन पुलाखालची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. दुसरी प्रत अशा ठिकाणी पाहिजे जिथं तोच पूर पोचत नाही.

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर. आमच्या दुष्काळी पट्ट्याचा एवढा तरी फायदा घ्या! पाण्यासाठी आम्ही पिढ्यानपिढ्या झगडलो, तुमच्या कॅसेट मात्र इथं कोरड्या राहतील.

---

मी_अनामिका

वा! या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. डिस्क कुठली घ्यावी यावर लोक रात्रभर भांडतात, डबा कुठल्या गावात ठेवावा हे कुणी विचारत नाही.

---

गावभागकर (धागाकर्ता)

आटपाडीकर, पटलं. बहिणीचं घर वरच्या भागात आहे, पण रस्ता आणि वीज दोघांची एकच. आमचे आत्याचे यजमान विट्याला असतात, त्यांना विचारतो. त्यांच्याकडे फायबर आहे. पण तिथे बाहेरून पोचायचं कसं? आमच्या दोघांच्याही इंटरनेटला स्वतःचा पब्लिक आयपी नाही.

---

कुपवाडकर

सीजीनॅट. एकच पब्लिक पत्ता कंपनी अनेक ग्राहकांत वाटते, म्हणून राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी आत पोचत नाही. मार्ग दोन-तीन आहेत.

दोन्हीकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते) मिळत असेल तर प्रत्येक डब्याला स्वतःचा पत्ता मिळतो. मग फायरवॉल नीट लावा आणि वायरगार्ड या सुरक्षित बोगद्याचा एकच पोर्ट उघडा. वायरगार्ड २०२० च्या मार्चमध्ये लिनक्स ५.६ पासून कर्नलमध्येच आलं, डेबियन १२ मध्ये ते तयारच आहे. आयपीव्ही६ नसेल तर बाहेर एखादा छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन दोन्ही डबे त्याला वायरगार्डने जोडायचे. टेलस्केलही चालतं, पण एवढ्या कमी रॅमवर ते जड जातं.

सांबा किंवा कुठलंही वेब पान थेट इंटरनेटला उघडायचं नाही. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्हवर काय झालं ते शोधून वाचा. त्या मॉडेलाचा शेवटचा अपडेट २०१५ चा, आणि इंटरनेटला जोडलेल्या कितीतरी लोकांचे डबे एका दिवसात कुणीतरी बाहेरून फॅक्टरी रिसेट केले. लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो गेले.

---

शून्यएक

एक भर. ओढणारा विट्याचा डबा असू द्या, ढकलणारा सांगलीचा नको. म्हणजे विट्याकडे सांगलीची फक्त वाचायची चावी असावी आणि सांगलीकडे विट्याची कुठलीच चावी नसावी. सांगलीच्या डब्यात कुणी घुसला तरी विट्याची प्रत पुसू शकणार नाही.

आणि आरसिंकला '--लिंक-डेस्ट' द्या. रोजच्या तारखेचं वेगळं फोल्डर तयार होतं, न बदललेल्या फाइलींना फक्त हार्ड लिंक लागते, जागा जवळजवळ वाढत नाही. कुठल्याही जुन्या तारखेला मागे जाता येतं. नुसतं '--डिलीट' लावून आरसा ठेवला तर इथली चूक रात्रीत तिकडे पोचते.

---

भडंगप्रेमी

पहिली प्रत इंटरनेटवरून पाठवणार का? एक टीबी, २० एमबीपीएसचा अपलोड धरला तर साडेचार दिवसांच्या वर. डिस्क पिशवीत घालून सांगली-विटा एसटीत बसा. तासाभराच्या वर थोड्या वेळात एक टीबी विट्याला. एसटीएवढी बँडविड्थ कुठल्याच कंपनीची नाही!

---

जुनं_खोड

भडंगप्रेमी हसत सांगतायत, पण सल्ला सोळा आणे खरा आहे. पहिली प्रत सांगलीत घरच्या नेटवर्कवर करा, मग डिस्क हाताने न्या. फक्त अँटिस्टॅटिक पिशवी आणि फोमचं खोकं घ्या. एसटीच्या मागच्या सीटवर बसू नका.

---

कथिलवाला

आता इन्स्टॉलेशनचं राहिलंय ते सांगतो, यातच लोक अडतात.

मूळ यू-बूट एवढं जुनं आहे की त्याला डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय काय आहे त्याची यादी) म्हणजे काय ते माहीत नाही. नव्या कर्नलला तर ते लागतंच. उपाय सोपा आहे. 'झेडइमेज' या कर्नलच्या फाइलीच्या शेवटी 'किर्कवुड-डीएनएस३२५' ही डीटीबी, म्हणजे त्या यादीची फाइल चिकटवायची, दोन्ही मिळून एक फाइल, आणि तिच्यावर 'एमकेइमेज'ने यू-बूटचा शिक्का मारायचा. इनिटआरडीलाही (सुरुवातीच्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमलाही) तसाच शिक्का. दोन्ही फाइली पेन ड्राइव्हवर ठेवा, यू-बूटमधून हाताने रॅममध्ये ओढा आणि 'बूटएम' म्हणा. डबा डेबियनमध्ये उठला, नेटवर्क आलं, डिस्क दिसल्या, तर आणि तरच बूट कमांड बदलून 'सेव्हएन्व्ह' म्हणायचं. तोपर्यंत फ्लॅशमध्ये काहीही बदललेलं नसतं. वीज काढून परत लावली की जुनं फर्मवेअर उभं.

डेबियनची रूट फाइल सिस्टिम दुसऱ्या लिनक्स मशिनवर 'डीबूटस्ट्रॅप'ने आर्मेलसाठी तयार करून घ्या, डब्यावर करायला फार वेळ जातो.

पेन ड्राइव्हवर सिस्टिम ठेवणार असाल तर 'नोएटाइम' (फाइल वाचल्याची वेळ लिहायची नाही) लावा आणि जर्नल रॅममध्येच ठेवायला सांगा, नाहीतर सततच्या लिहिण्याने स्वस्त पेन ड्राइव्ह लवकर जातो. हार्ड डिस्कवर छोटा विभाग करून तिथे ठेवलं तर ती काळजी नाही, पण मग डिस्कला झोप मिळत नाही.

आणि स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नक्की ठेवा, निदान एक जीबी. रोज लागणार नाही, पण वीज जाऊन डिस्क तपासायची वेळ आली की मोठ्या ईएक्सटी४ विभागाला 'एफएससीके' या तपासणीच्या प्रोग्रामला रॅम भरपूर लागते. २५६ एमबीत ते मध्येच मरतं. तपासणी अडली तर डिस्क काढून सरळ पीसीला लावा.

---

द्राक्षवेल

मिनी यूपीएसचं काय करायचं? आम्ही राउटरचा १२ व्होल्टवाला डॉकस्टारसाठी वेगळी सोय करून वापरतो.

---

कथिलवाला

राउटरचा मिनी यूपीएस इथे पुरत नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते तेव्हा १२ व्होल्टवर एकटीच दोन अँपिअरच्या आसपास ओढते. मिनी यूपीएस तेवढ्यातच बसतो. घरच्या इन्व्हर्टरवर ठेवा, किंवा अडीच इंची डिस्क लावा, ती पाच व्होल्टवर चालते आणि फार कमी घेते. एप्रिल-मेच्या उन्हात तिचं तापमानही कमी राहतं.

---

मी_अनामिका

एक अवांतर शंका. उद्या डबाच गेला तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून वाचता येते ना?

---

शून्यएक

डेबियनवर ईएक्सटी४ केली असेल तर कुठल्याही लिनक्सवर लगेच उघडते. ही शंका फार महत्त्वाची आहे, कारण सगळ्या डब्यांचं तसं नसतं. वर उल्लेख आलेला माय बुक लाइव्ह पॉवरपीसी प्रोसेसरचा. त्यात ईएक्सटी४ च आहे, पण ब्लॉक ६४ केबीचे. साध्या पीसीचं लिनक्स चार केबीच्या पानांवर चालतं, ते अशी डिस्क माउंट करायला अनेक वर्षं नकारच देत आलंय. डिस्क धडधाकट, फाइली जागेवर, आणि माणूस समजतो सगळं गेलं. अशा वेळी फॉरमॅट करू नका, 'फ्यूज-ईएक्सटी२' ने ती वाचता येते.

---

गावभागकर (धागाकर्ता)

मंडळी, डबा डेबियन १२ वर उठला!

कथिलवाल्यांनी सांगितलं त्याच क्रमाने गेलो. सिरियलवर पहिल्यांदा यू-बूटच्या ओळी दिसल्या तेव्हा आईलाही बोलावून दाखवल्या. सिस्टिम पेन ड्राइव्हवर आहे, डिस्क एकच लावलीय, अडीच इंची. नुसती सिस्टिम, एसएसएच आणि सांबा चालू असताना अर्ध्याहून जास्त रॅम मोकळी आहे. विंडोज ११ च्या लॅपटॉपवर फोल्डर थेट दिसतं. बाबा टीव्हीवर आजोबांचं कीर्तन लावतात, त्यासाठी मिनीडीएलएनए टाकलं.

एसएसएचवरून कॉपी मंद आहे, एन्क्रिप्शनमध्ये प्रोसेसर पूर्ण अडकतो. घरातल्या घरात सांबाने केलं की वेग बराच वाढतो. विट्याला रोजच्या फरकापुरतं जायचं असल्यामुळे वायरगार्डवरून तक्रार नाही. दोन्हीकडे आयपीव्ही६ मिळालं, बाहेरचा सर्व्हर घ्यावा लागला नाही. विट्याच्या बाजूला मात्र तारतम्य यांचं ऐकलं, तिथे जुना थिन क्लायंट ठेवलाय. दोन वेगळ्या जातींची मशिनं असली तर एकाच बिघाडात दोन्ही जाणार नाहीत, असा विचार केला.

---

तारतम्य

अभिनंदन! ही रचना मलाही मान्य. आता सहा महिन्यांतून एकदा विट्याच्या प्रतीतून एखादं फोल्डर खरोखर परत आणून उघडून बघा. परत आणून न पाहिलेला बॅकअप मी मोजत नाही. आणि डेबियन १२ चे अपडेट थांबतील तेव्हा ओपनडब्ल्यूआरटीकडे बघा, त्यांच्याकडे किर्कवुडची शाखा अजून आहे. तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का तेवढं तपासा.

---

अजिंक्यताऱ्याखाली

साताऱ्याहून. धागा वाचून कपाटातला डीएनएस-३२०एल काढला. ३२५ ची डीटीबी चालेल का? आणि डेबियन आल्यावर पंखा फिरेल का?

---

कथिलवाला

नाही, थांबा. ३२०एल वेगळा आहे. ३२५ मध्ये पंखा थेट जीपीआयओवर (प्रोसेसरच्या पिनांवर) आहे, कर्नल तो स्वतः सांभाळतं. ३२०एल मध्ये पंखा, पॉवर बटण आणि घड्याळ एका वेगळ्या मायक्रोकंट्रोलरकडे आहेत आणि त्याच्याशी आतल्या सिरियल पोर्टवरून बोलावं लागतं. त्यासाठी छोटा डिमन (मागे चालणारा प्रोग्राम) मिळतो, तो स्वतः कंपाइल करून चालू करा. तो चालू होऊन पंखा फिरताना दिसेपर्यंत कप्प्यात डिस्क घालू नका, सगळं पेन ड्राइव्हवरून तपासा. आणि बोर्डचा फोटो इथे टाका, पिना कुठल्या ते बघून सांगतो.